सागवानी टेबलावरचे पाण्याचे पांढरे आणि काळे डाग घरच्या घरी कसे काढावेत?

माजघर

नमस्कार. सासऱ्यांनी १९६८ साली सुताराला घरी बसवून करून घेतलेले एक सागवानी टेबल आमच्याकडे आहे. ते साडेचार फूट लांब आणि अडीच फूट रुंद असून त्याचा माथा तीन फळ्या जोडून केलेला आहे. रंग जुन्या गुळासारखा गडद तपकिरी झाला आहे. यंदा गणपती याच टेबलावर बसवले. पाणी सांडले तरी लाकूड खराब होऊ नये, म्हणून आधी प्लास्टिकचा कागद अंथरला आणि त्यावर वस्त्र घातले. विसर्जनानंतर कागद उचलला, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब साचलेले दिसले. कलश आणि ताम्हन ठेवले होते तिथे दोन पांढरी वर्तुळे उमटली होती आणि मधोमध तळहाताएवढा पांढुरका, धुरकट पट्टा तयार झाला होता.

दुसरी अडचण याहून जुनी आहे. टेबलाच्या एका कोपऱ्यावर पावसाळाभर लोखंडी तिवईवर कुंडी ठेवलेली होती. ती काल हलवली, तर तिवईच्या तीन पायांखाली रुपयाच्या नाण्याएवढे तीन काळे ठिपके आणि कुंडीतून पाणी झिरपत होते त्या बाजूला चंद्रकोरीसारखा काळा डाग निघाला.

आतापर्यंत मी एका पांढऱ्या वर्तुळावर अर्धे लिंबू चोळून पाहिले. डाग गेला नाही, उलट तेवढ्या जागेची चकाकी कमी झाली. चौकशी केल्यावर एका कारागिराने संपूर्ण माथा मशीनने घासून त्यावर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचे, पॉलिश करावे, असे सुचवले. तसे करण्यास माझे मन तयार होत नाही. टेबलाच्या एका कडेला माझ्या यजमानांनी शाळेत असताना कर्कटकाने आपल्या नावाची आद्याक्षरे कोरली आहेत आणि सासूबाई ती अक्षरे पाहुण्यांना आवर्जून दाखवतात. मशीन फिरले की ती नाहीशी होतील. टेबल न घासता हे डाग घालवता येतात का, आणि दोन्ही डागांना एकच उपाय चालतो की वेगवेगळे करावे लागतात, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

रंधा

ताई, मी गेली बावीस वर्षे जुन्या लाकडी सामानाची दुरुस्ती आणि पॉलिश करतो. आधी एक विनंती करतो. निदान आठ दिवस या टेबलाला पॉलिश पेपर, लिंबू, व्हिनेगर, सोडा यांपैकी काहीही लावू नका. तुम्ही केलेले वर्णन पाहता पांढऱ्या डागांसाठी टेबल घासण्याची गरज पडणार नाही, असे मला खात्रीने वाटते. काळ्या डागांसाठी थोडे कष्ट घ्यावे लागतील, परंतु तेही त्या कोपऱ्यापुरतेच.

पांढरा डाग पॉलिशच्या थरात असतो. दमटपणा त्या थरात शिरून अडकतो, पण खालच्या लाकडापर्यंत पोहोचलेला नसतो. काळा डाग पडतो तेव्हा पाणी पॉलिश भेदून लाकडात उतरलेले असते. त्यामुळे दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर नुकसानच होते.

काम सुरू करण्यापूर्वी टेबलाला कोणते पॉलिश आहे हे ओळखावे लागते. १९६८ साली सुताराने घरी बसून केलेले काम म्हणजे बहुधा स्पिरिट पॉलिश असणार. लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून विरघळवायचा, आणि कापडी बोळ्याने त्याचे पातळ हात एकावर एक चढवत जायचे, अशी ती पद्धत आहे. तरीही मधल्या काळात कोणी वरून दुसरे काही लावले असेल, तर त्याची परीक्षा करून घ्या. कापसाचा लहान बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पिळून घ्या आणि पायाच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी हलकेच लावा. टेबलाच्या माथ्याच्या खालच्या बाजूला ही परीक्षा करू नका, कारण जुने सुतार खालची बाजू पुष्कळदा कोरीच ठेवत असत. बोळा चिकट झाला आणि त्यावर तांबूस रंग आला, तर ते लाखेचे पॉलिश आहे असे समजा. स्पिरिटचा परिणाम झाला नाही पण थिनरने पृष्ठभाग मऊ झाला, तर ते लॅकर असते. दोन्हींनी काहीच झाले नाही, तर मेलामाइन किंवा पीयू यांसारखे कृत्रिम पॉलिश असण्याची शक्यता अधिक असते.

आता पांढऱ्या डागांसाठी मी ज्या क्रमाने जातो, तो सांगतो. सर्वांत सौम्य उपाय प्रथम करावा आणि त्याने भागले नाही तरच पुढे जावे. सर्वांत सौम्य उपाय म्हणजे टेबल पूर्ण उघडे ठेवून आठ-दहा दिवस पंख्याच्या वाऱ्यावर वाळू देणे. सध्या हवेत दमटपणा आहे म्हणून वेळ लागेल, परंतु नवे पांढरे डाग नुसत्या वाऱ्यानेही बरेच फिके होतात. टेबल उन्हात मात्र काढू नका, कारण फळ्या तडकतात आणि जोड उघडतात.

त्यानंतर डागावर पेट्रोलियम जेलीचा जाडसर थर देऊन रात्रभर ठेवा आणि सकाळी मऊ सुती कापडाने पूर्ण पुसून घ्या. दोन-तीन रात्री हे करता येईल. फरक पडला नाही, तर उष्णतेचा उपाय आहे. डागावर जाड सुती कापडाची दुहेरी घडी ठेवून इस्त्री अगदी मंद आचेवर दोन-तीन सेकंदच टेकवावी आणि लगेच उचलून पाहावे. वाफेची इस्त्री असेल, तर तिच्यातले पाणी आधी काढून टाकावे. लाखेचे पॉलिश सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि मग कापडाची वीण त्यात कायमची उमटते. म्हणून तुमच्या टेबलासाठी इस्त्रीपेक्षा केस वाळवण्याचे यंत्र लांबून फिरवणे अधिक सुरक्षित आहे. पातळ पत्री लाकूड चिकटवलेल्या, म्हणजे व्हिनियरच्या, जुन्या सामानावर हा उपाय मी अजिबात करत नाही. त्याखाली बहुधा सरस असतो आणि उष्णतेने सरस सुटला की व्हिनियरला फुगवटे येतात.

एवढे करूनही मधला मोठा पट्टा राहिला, तर शेवटी स्पिरिट वापरावे. हा उपाय लाखेच्या पॉलिशवर उत्तम चालतो, कारण स्पिरिटने वरचा थर क्षणभर मऊ होतो, अडकलेला दमटपणा निघून जातो आणि थर पुन्हा बसतो. जुन्या बनियनच्या कापडात कापूस गुंडाळून लिंबाएवढा बोळा करा आणि त्यावर स्पिरिटचे मोजके थेंब टाका. बोळा हाताच्या पाठीला लावला असता गार वाटावा, पण ओल राहू नये. मग झोपाळ्याच्या हेलकाव्याप्रमाणे हात एका बाजूने खाली येऊ द्यावा, बोळा डागाला जेमतेम स्पर्शून दुसऱ्या बाजूने वर निघून जावा. एका जागी क्षणभरही थांबायचे नाही. थांबलात तर बोळा चिकटेल आणि पॉलिश उचलून घेईल. चार-पाच हात फिरवले की दोन मिनिटे थांबावे, पुन्हा पाहावे. खोलीत समई, उदबत्ती, गॅस काहीही पेटलेले नसावे, आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

तिवईच्या डागांकडे आपण नंतर वळू. आधी पॉलिशची परीक्षा करून काय दिसले ते कळवा.

तळकोकण

आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने घरातील प्रत्येक लाकडी वस्तूला ओल धरते, त्यामुळे पांढऱ्या डागांचा अनुभव भरपूर आहे. माझी आई खोबरेल तेल आणि राख वापरत असे आणि मीही तेच करते. उदबत्तीची किंवा चुलीची पांढरी राख मलमलच्या कापडातून दोनदा चाळून घ्यायची. चाळलेली राख बोटांत धरली असता पावडरीसारखी लागली पाहिजे. एक जरी खडा राहिला, तरी टेबलावर ओरखडा उठतो. ही राख तेलात कालवून तिचा पातळ लेप करायचा आणि तर्जनीच्या टोकाला कापड गुंडाळून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, अजिबात जोर न देता चोळायचा. पाच मिनिटांनी पुसून डाग पाहायचा. तेलाचा थर मात्र टेबलावर ठेवू नये, कारण खोबरेल तेल वाळत नाही. ते चिकट होते, त्यावर धूळ बसते आणि काही महिन्यांनी खवट वास येऊ लागतो.

टूथपेस्टनेही डाग जातात असे पुष्कळ जण सांगतात आणि मी तोही उपाय एकदा केला आहे. डाग गेला खरा, पण तेवढी जागा मंद पडली आणि तिरप्या उजेडात ती अजूनही दिसते. रंधा यांनी त्याबद्दल आपले मत सांगितले तर बरे होईल.

आणखी एक गोष्ट नोंदवते. २०२० साली घरोघरी हात निर्जंतुक करण्याचा द्रव आला, तेव्हा आमच्या फणसाच्या लाकडाच्या मेजावर त्या बाटलीखाली तसाच पांढरा गोल उमटला. आम्ही तो पाण्याचा डाग समजून कितीतरी दिवस तेल-राख चोळत राहिलो. पुढे कळले की त्या द्रवातील अल्कोहोलने लाखेचे पॉलिशच विरघळले होते. तेव्हा डाग नेमका कशाने पडला, हे आठवून पाहणे फार महत्त्वाचे आहे.

रंधा

तळकोकण, आपली राखेची पद्धत अगदी योग्य आहे आणि चाळण्याबद्दल आपण लिहिले ते सोन्यासारखे आहे. टूथपेस्ट आणि राख दोन्ही मुळात बारीक घासण्याचीच साधने आहेत. पॉलिशचा सर्वांत वरचा थर ती झिजवतात. डाग अगदी वरवर असेल तर उपयोग होतो, खोल असेल तर डागापूर्वी पॉलिशच संपते. तेल सोबत असल्यामुळे राख सावकाश घासते. टूथपेस्टमध्ये कण अधिक कठीण असतात आणि पाणीही असते, म्हणून मी ती वापरत नाही. चकाकी गेलेल्या जागेवर मधमाशीचे मेण आणि टर्पेंटाइन यांचे मिश्रण अगदी थोडे लावून लोकरीच्या कापडाने चोळून पाहा, बराच फरक पडेल.

प्रयोगवही

मी रसायनशास्त्र शिकवतो. हे डाग दिसतात तसे का दिसतात, हे समजले तर उपाय करताना हात कुठे थांबवावा हे आपोआप कळते, म्हणून थोडे लिहितो.

पांढरा डाग मुळात पांढऱ्या रंगाचा नसतोच. खडीसाखरेचा खडा पारदर्शक दिसतो आणि तोच कुटला की पांढरा दिसतो, कारण बारीक कणांच्या असंख्य पृष्ठभागांवरून प्रकाश विखुरतो. पॉलिशच्या पारदर्शक थरात पाण्याचे सूक्ष्म थेंब आणि पोकळ्या तयार झाल्या की तेच घडते. भज्यांचा कागद तेलाने आरपार दिसू लागतो तसे तेल किंवा पेट्रोलियम जेली या पोकळ्यांमध्ये शिरली की प्रकाशाचे विखुरणे कमी होते आणि खालचे लाकूड पुन्हा दिसते. म्हणूनच या उपायाला रात्रभराचा वेळ द्यावा लागतो. तेल आत मुरले पाहिजे. प्लास्टिकच्या कागदाने नेमके उलटे केले. त्याने वरचे पाणी अडवले, पण खाली साचलेला दमटपणा बाहेर पडू दिला नाही.

काळा डाग हा मात्र खरोखरच रंग आहे, आणि तो आपल्या आजोबा-पणजोबांच्या चांगल्या ओळखीचा होता. हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करत असत. हिरड्यात टॅनिन असते, हिराकस म्हणजे लोहाचा क्षार. ही दोन्ही पाण्यात एकत्र आली की निळसर काळा रंग तयार होतो. आवळे लोखंडी कढईत शिजवले की ते काळे पडतात, किंवा केळफूल लोखंडी विळीवर चिरले की विळी आणि बोटे काळी होतात, त्यामागेही हेच कारण आहे. सागाच्या लाकडातही टॅनिन असते. तिवईच्या पायांतून लोखंड मिळाले, कुंडीतून पाणी मिळाले आणि चार महिने मिळाले. थोडक्यात, टेबलाच्या त्या कोपऱ्यात शाई तयार झाली आहे आणि ती लाकडाच्या तंतूंमध्ये मुरली आहे. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात लोहाचे प्रमाण अधिक असेल, तर बाहेरचे लोखंड नसतानाही असे डाग पडू शकतात.

या शाईवर तेल, राख, इस्त्री, स्पिरिट यांचा काहीही परिणाम होणार नाही. ब्लीचिंग पावडरही वापरू नये, कारण तिने भोवतीचे लाकूड फिके पडते आणि लोहाचा काळा रंग तसाच राहतो. येथे लोह पकडून पाण्यात विरघळवणारे काहीतरी हवे आणि त्यासाठी ऑक्झॅलिक आम्ल योग्य ठरते. मोझॅक आणि संगमरवरी फरशीला पॉलिश करणारे कारागीर ते वापरतात, त्यामुळे त्या साहित्याच्या दुकानात ते पांढऱ्या स्फटिकांच्या स्वरूपात मिळते. लिंबातील सायट्रिक आम्लही हेच काम करते, पण फार दुबळेपणाने. शिवाय आपण ते पांढऱ्या डागावर वापरले, जिथे लोह नव्हतेच.

ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे, हे मी ठळकपणे सांगू इच्छितो. अळूने घशाला खाज सुटते ती कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. हे त्याच कुळातील, पण कितीतरी तीव्र द्रव्य आहे. पोटात गेल्यास मूत्रपिंडांना इजा होते. रबरी हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय पुडी उघडू नये आणि उरलेले द्रव्य मुलांच्या हाती लागेल अशा जागी किंवा स्वयंपाकघरात कधीही ठेवू नये.

माजघर

सर्वांचे मनापासून आभार. रंधा यांनी सांगितल्याप्रमाणे पायाच्या आतल्या बाजूला स्पिरिटची परीक्षा केली. कापूस लगेच चिकट झाला आणि त्यावर चहासारखा तांबूस रंग आला, म्हणजे हे लाखेचेच पॉलिश आहे. टेबल नऊ दिवस पंख्याखाली उघडे ठेवले. कलशाखालचे वर्तुळ जवळजवळ दिसेनासे झाले. ताम्हनाखालचे वर्तुळ, म्हणजे ज्यावर मी लिंबू चोळले होते ते, दोन रात्री पेट्रोलियम जेली लावल्यानंतर गेले. मधला पट्टा मात्र फिका होऊनही शिल्लक आहे. काळे डाग जसेच्या तसे आहेत. ऑक्झॅलिक आम्लाची पुडी आणली आहे, परंतु ती वापरण्यापूर्वी नेमकी कृती समजून घ्यावी असे वाटते. दूरच्या कडेला असलेल्या अक्षरांना धक्का लागणार नाही ना, हीदेखील काळजी आहे.

रंधा

ताई, आपण घाई केली नाहीत, याचे समाधान वाटले. अक्षरे दुसऱ्या कडेला आहेत, त्यामुळे त्यांना काहीही होणार नाही. फक्त कामाच्या वेळी त्या बाजूवर कोरडे जाड कापड टाकून ठेवा.

आम्ल पॉलिशमधून आत जात नाही, म्हणून आधी काळ्या डागांच्या भागातील पॉलिश उतरवावे लागते. नुसत्या ठिपक्यांवरचे काढले तर पुढे ठिगळ दिसते. म्हणून फळीचा जोड येतो तिथपर्यंतचा चौकोन मोकळा करा, म्हणजे जुन्या-नव्याची सीमा जोडाच्या रेषेत लपेल. स्पिरिटमध्ये भिजवलेले कापड त्या भागावर दहा मिनिटे ठेवायचे आणि मऊ झालेली लाख दुसऱ्या कापडाने रेषांच्या दिशेने पुसून काढायची. तीन-चार वेळा केले की खालचे लाकूड मोकळे होते. येथे घासण्यासाठी लोखंडी काथ्या चुकूनही वापरू नका. त्याचा एखादा तंतू लाकडात अडकला आणि पाणी लागले, की प्रयोगवही यांनी सांगितलेली शाई पुन्हा तयार होईल.

लाकूड एक दिवस वाळू द्या. मग काचेच्या भांड्यात एक कप कोमट पाणी घेऊन त्यात चहाचे दोन चमचे स्फटिक विरघळवा. धातूचे भांडे घेऊ नका. द्रावण काळ्या डागांवरच न लावता उघड्या केलेल्या पूर्ण चौकोनावर जुन्या मऊ कुंचल्याने सारखे पसरवा, कारण आम्लाने लाकूड थोडे उजळते आणि ठिपक्यांपुरतेच लावले तर काळ्या ठिपक्यांच्या जागी पिवळे ठिपके दिसतील. कुंचल्याच्या पकडीला लोखंडी पट्टी असेल तर तीही द्रावणात बुडू देऊ नका. अर्धा तास थांबा. पुष्कळदा पहिल्या दहा मिनिटांतच काळा रंग करडा होताना डोळ्यांदेखत दिसतो. गरज वाटल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा लावा, पण एकाच दिवसात पाच-सहा वेळा लावत बसू नका, कारण पाण्याने तंतू उभे राहतात आणि जोडही भिजतो.

नंतर स्वच्छ पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने तीन वेळा पुसा. एक कप पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा घालून त्याने एकदा पुसा आणि शेवटी पुन्हा साध्या पाण्याने पुसून कोरडे करा. लाकूड वाळताना पांढरे स्फटिक वर आलेले दिसले, तर ते ओल्या फडक्यानेच टिपून घ्या. कोरड्या स्थितीत कधीही घासू नका. ती भुकटी नाका-घशात गेली तर जबर त्रास होतो. चार दिवस वाळल्यावर उभे राहिलेले तंतू चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने दोन-तीन हात फिरवून बसवा. माथ्यावर पेपर लावायचा तो एवढाच, आणि तोही त्या कोपऱ्यातच.

चपड्याचे नवे हात पावसाच्या दिवशी देऊ नका. हवेत ओल असताना स्पिरिट उडाले की पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प धरते आणि पॉलिश पांढरे पडते. कोरडा दिवस पाहून, दुपारी अकरा ते चारच्या दरम्यान हे काम करावे.

कृष्णाकाठ

मी सांगलीचा आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यातील सामान कित्येक दिवस पाण्यात होते. त्यावरून एवढे सांगू शकतो की पाण्याने लाकूड जेवढे बिघडते, त्याहून अधिक ते आपल्या वाळवण्याच्या घाईने बिघडते. शेजारी अनेकांनी कपाटे, पलंग पाणी ओसरताच उन्हात काढले. आठवड्याभरात दारे पिळवटली आणि फळ्यांना उभ्या चिरा गेल्या. आम्ही आधी सगळा चिखल स्वच्छ पाण्याने धुऊन काढला, कारण वाळलेला चिखल लाकडाच्या छिद्रांतून नंतर निघत नाही. मग सामान सावलीत, भिंतीपासून हातभर दूर, खाली विटा लावून ठेवले. अडकलेले खण ओढून काढण्याचा प्रयत्न केला नाही. मागची फळी काढून आत हवा खेळू दिली आणि डिसेंबरमध्ये ते खण आपोआप सैल झाले. सागवानी कपाट आणि शिसवी झोपाळ्याची फळी अशा रीतीने वाचली. प्लायवूडच्या वस्तूंचे थर मात्र सुटले आणि त्या टाकून द्याव्या लागल्या.

माजघर यांच्या टेबलाच्या बाबतीतही पॉलिशची घाई करू नये, असे मला वाटते. आमच्या कपाटाला आम्ही उत्साहाने जानेवारीतच पॉलिश करून घेतले. आत ओल शिल्लक होती आणि पुढच्या पावसाळ्यात सगळा थर पांढरा होऊन सुटू लागला. एक सोपी खूण सांगतो. लाकडावर प्लास्टिकचा छोटा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवावा. त्याच्या आतल्या बाजूला बाष्प दिसले, तर लाकूड अजून ओले आहे.

माजघर

काम काल पूर्ण झाले, म्हणून जे घडले ते सविस्तर लिहिते.

मधल्या पट्ट्यावर स्पिरिटचा बोळा फिरवण्यापूर्वी मी एका जुन्या पाटावर दोन दिवस हात बसवला, कारण तो हेलकावा वाचताना सोपा वाटला तरी हाताला पटकन जमत नव्हता. टेबलावर चौथ्या फेरीत पांढरा पट्टा कडेकडेने आत सरकू लागला आणि सातव्या फेरीनंतर दिसेनासा झाला. फोनची घंटा वाजली तेव्हा माझा हात एका ठिकाणी क्षणभर थांबला आणि तिथे अंगठ्याच्या ठशाएवढी खरखरीत खूण उठली. ती रंधा यांना छायाचित्रातून दाखवली, तेव्हा त्यांनी दुसऱ्या दिवशी अगदी पातळ चपड्याचे दोन हात द्यायला सांगितले. आता ती बोटांना लागत नाही, डोळ्यांना किंचित दिसते.

कोपऱ्यातील पॉलिश उतरवल्यावर खालचे लाकूड पाहून आम्ही सगळेच थबकलो. इतक्या वर्षांच्या लाखेखाली साग मधासारखा सोनेरी होता आणि त्यात ते चार काळे डाग फारच उठून दिसत होते. आम्ल लावल्यावर पंधरा मिनिटांत ठिपके करडे झाले. दुसऱ्या दिवशीच्या हाताने तीनपैकी दोन पूर्ण गेले. तिसऱ्याच्या मध्यभागी मोहरीएवढा काळा बिंदू राहिला, तर चंद्रकोर फिकट राखाडी रेषेएवढी उरली आहे. तिसऱ्यांदा आम्ल लावावे का, असे विचारल्यावर रंधा यांनी थांबण्याचा सल्ला दिला आणि मलाही तो पटला.

कृष्णाकाठ यांनी सांगितलेली प्लास्टिकच्या तुकड्याची परीक्षा केली. पाचव्या दिवशी आत बाष्प होते, अकराव्या दिवशी नव्हते. त्यानंतरच चपड्याचे सहा पातळ हात दिले. नवा कोपरा उरलेल्या टेबलापेक्षा थोडा उजळ दिसतो, परंतु जोडाच्या रेषेमुळे तो ठिगळासारखा वाटत नाही. सासूबाईंनी पहिल्यांदा दुसऱ्या कडेची अक्षरे बोटाने चाचपून पाहिली आणि मगच कोपऱ्याकडे वळल्या.

आता एकच विचारायचे आहे. या टेबलावर जेवणाची पाने आणि चहाचे कप पूर्वीप्रमाणे कधीपासून ठेवता येतील?

रंधा

छायाचित्रे पाहिली. काम नीटनेटके झाले आहे. उजळ कोपरा वर्ष-दोन वर्षांत उजेडाने आपोआप गडद होईल, म्हणून त्यावर रंग मिसळून आणखी काही लावू नका.

लाखेचा थर हाताला एका दिवसात कोरडा लागतो, परंतु पूर्ण कठीण होण्यास तीन-चार आठवडे घेतो. तोपर्यंत टेबल मोकळे ठेवा. त्यानंतरही गरम कप किंवा पातेले थेट ठेवू नका. हे पॉलिश उष्णता आणि अल्कोहोल दोन्ही सहन करत नाही. साबणाच्या किंवा सोड्याच्या पाण्याने पुसू नका, कारण क्षाराने लाख मऊ होते. कोरडे फडके पुरेसे आहे आणि दिवाळीच्या आधी मेणाचा एक पातळ हात द्या. तिवई पुन्हा तिथे ठेवायचीच असेल, तर तिच्या पायांना रबराच्या टोप्या घाला आणि कुंडीखाली मातीची खोलगट बशी ठेवा. पुढच्या वर्षी गणपतीत प्लास्टिकचा कागद अंथरू नका. टेबलावर आधी पायांचा पाट ठेवा आणि त्यावर कलश-ताम्हन मांडा, म्हणजे खालून हवा खेळत राहील.